चाल चांगली, तरी काम फसतं: नाटक-सिनेमाच्या नव्या संगीतकारांनो, या चुका टाळा

ठाण्यात नाटकाला संगीत देणाऱ्या बहुतेकांची सुरुवात एकांकिकेने होते. कॉलेजची एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धेतलं एखादं नाटक, मग मित्राचा लघुपट, आणि एके दिवशी व्यावसायिक नाटकाच्या निर्मात्याचा फोन येतो. इथवर पोचलेल्या मुलामुलींची चाल सहसा कच्ची नसते. कान तयार असतो, चार वर्षं हौशी रंगभूमीवर घासलेली असतात. काम फसतं ते चालीच्या आजूबाजूला. गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे तो कुठल्या सुराला षड्ज धरून गातो ते, कुणी विचारलेलं नसतं, चित्राचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) जुळलेला नसतो, कराराचा कागदच नसतो. हे सगळं रंगीत तालमीच्या दिवशी उघडं पडतं आणि मग चांगली बांधलेली चाल रातोरात कापावी लागते. ते पाहताना जीव तुटतो. थोडी आधी विचारपूस झाली असती तर ती चाल वाचली असती, म्हणून हे तपशिलात लिहितो आहे.

पट्टी न विचारता चाल बांधणे

चाल आपल्याला सुचते ती आपल्या पट्टीत. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गुणगुणलो, फोनवर रेकॉर्ड केलं, त्यावरच ट्रॅक बांधला आणि तालमीत नटीला ऐकवला. तिची पट्टी काळी चार. काळी एकमध्ये मुखडा तिच्या गळ्याच्या तळाशी जातो आणि सप्तक वर घेतलं की अंतऱ्यात आवाज फाटतो. मग सगळे तिच्याकडे बघतात, जणू तिचंच काही चुकलं.

पट्टी विचारायची ती चाल बांधण्याआधी, आणि तीही हार्मोनियमपुढे मांडी घालून बसवून नव्हे. त्या प्रसंगात नट काय करत असेल तसं करायला लावून विचारा. उभा असेल तर उभं राहून, भांडून झाल्यावर गायचं असेल तर आधीचं पान म्हणायला लावून. नुसती पट्टी पुरत नाही. त्याला आरामात लागणारा सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा सूर, असे दोन्ही वहीत लिहून ठेवा. शास्त्रीय गाणारे नट रंगभूमीवर आहेत, पण तुमच्या वाट्याला येणारे बरेचसे नट ‘बरं गाणारे’ असतील, आणि त्यांचा बरा आवाज कुठल्या चार-पाच सुरांत राहतो हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं.

एका तालमीत नायिकेला दुमजली नेपथ्याच्या जिन्यावरून धावत खाली येऊन लगेच तार षड्जावर मुखडा उचलायचा होता. बसून तो सूर तिला रोज लागत होता. जिना उतरून आल्यावर लागेना. दिग्दर्शक तिला पुन्हा पुन्हा वर पाठवत होते आणि दर खेपेला सूर आणखीच खाली बसत होता. शेवटी संगीत संयोजकाने मुखड्याआधी ऑर्गनचा चार मात्रांचा तुकडा घातला. तेवढ्या अवकाशात तिने कठड्याला हात टेकवला, श्वास घेतला आणि सूर नेमका लागला. चाल तीच, पट्टी तीच. चालीत श्वासाला जागा तेवढी नव्हती. म्हणून चाल बांधताना संहितेत रंगसूचना वाचा. ‘धावत येते’ असं लिहिलं असेल तर पहिल्या ओळीआधी जागा सोडा.

द्वंद्वगीतात हा प्रश्न दुप्पट होतो. पुरुष काळी एकमध्ये गाणारा, स्त्री काळी चारमध्ये. दोघांनाही काळी एकच्या षड्जावर ओढलं तर एकाचा तरी आवाज मरतो. यावर उपाय सोपा आहे. काळी एकच्या षड्जाचा पंचम म्हणजेच काळी चार. तिच्या ओळी त्या पंचमाला षड्ज मानून बांधा. तिची पट्टी काळी तीन असेल तर तोच हिशोब मध्यमावर बसतो. पुरुषाच्या ओळीवरून तिच्या ओळीवर येताना ऑर्गनने किंवा व्हायोलिनने तो सूर आधी दाखवायचा, म्हणजे नटीला सूर शोधावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट नवे लोक विसरतात. व्यावसायिक नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी एकावर एक लागतात. शनिवारी दुपारी ठाण्यात, रात्री वाशीत, रविवारी दोन पुण्यात. रविवारच्या रात्रीच्या प्रयोगाला आवाज बसलेलाच असतो. ट्रॅकवर गाणं असेल तर अर्धा सूर आणि एक सूर खालची अशा दोन जादा आवृत्त्या पहिल्या दिवसापासून ऑपरेटरकडे, म्हणजे प्रयोगात संगीत वाजवणाऱ्याकडे ठेवा. त्या मूळ सेशनमधूनच, म्हणजे वाद्यं वेगवेगळी असलेल्या फाइलमधूनच नव्याने काढा. तयार मिक्सचा सूर सॉफ्टवेअरने खाली ओढला की तबल्याची चाट बोथट होते.

संगीताची लांबी सेकंदांत ठरवून टाकणे

सिनेमातून नाटकाकडे येणाऱ्यांची ही हमखास चूक. सिनेमातला प्रसंग ठरलेल्या लांबीचा असतो, नाटकातला नसतो. गडकरी रंगायतनचा भरलेला प्रेक्षक एखाद्या वाक्याला असा हसतो की पुढचं वाक्य थांबतं. त्याच वाक्याला दुसऱ्या गावी शांतता असते. ज्येष्ठ नटाच्या एंट्रीला टाळ्या पडतात आणि तो त्या संपेपर्यंत उभा राहतो. मोजून कापलेला तुकडा अशा वेळी मध्येच संपतो किंवा संवादात घुसतो.

अंधारातला बदल तर आणखी बेभरवशाचा. ज्या रंगमंचावर नेपथ्याची माणसं सरावलेली आहेत, विंगेत जागा आहे, तिथे पलंग जाऊन टेबल येणं झटपट होतं. दौऱ्यावर अडचणीच्या विंगेत त्याच बदलाला दुप्पट वेळ लागतो. तुमचा तुकडा संपतो, प्रेक्षक काळोखात लाकूड घासल्याचा आवाज ऐकत बसतात.

म्हणून नाटकासाठी तुकडा तीन भागांत द्या: सुरुवात, फिरत राहणारा मधला भाग आणि शेवट. मधला भाग चार किंवा आठ आवर्तनांचा असावा आणि जोड ऐकू येऊ नये. झांजेची किंवा तंबोऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) जोडावर तुटली तर लगेच कळतं, त्यामुळे लांब आस असलेलं वाद्य मधल्या भागाच्या शेवटच्या मात्रेवर वाजवूच नका. शेवटचा भाग असा हवा की ऑपरेटरने कुठूनही त्यावर उडी मारली तरी तो बसेल. एकच लांब फाइल देऊन ‘हळूहळू आवाज कमी कर’ असं सांगणं हा आळशी मार्ग आहे. दर प्रयोगाला तोच हळूहळू विझणारा आवाज ऐकून प्रसंगाची धार जाते.

क्यू शीट तोंडी ठेवणे

क्यू म्हणजे संगीत वाजवायची ठरलेली जागा, आणि अशा सगळ्या जागांची यादी म्हणजे क्यू शीट. ऑपरेटरबद्दल ‘त्याला सगळं पाठ आहे’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. ऑपरेटर आजारी पडतो, दुसरं नाटक घेतो, दौऱ्याच्या दिवशी त्याच्या बहिणीचं लग्न असतं. बदली माणूस येतो त्याच्या हातात काय असतं? ‘गाणे फायनल नवीन २’ अशा नावांच्या फायली.

फायलींना क्यूच्या क्रमाने आकडे द्या आणि एक अंकी आकड्याआधी शून्य लावा, नाहीतर दहावा क्यू पहिल्याच्या खाली जाऊन बसतो. दोन क्यूंच्या मध्ये नवा आला तर ०७ अ, ०७ ब. सगळे आकडे बदलू नका, कारण प्रकाशयोजनाकाराच्या वहीतही तुमचेच आकडे असतात.

शीटमध्ये काय लिहायचं ते एका नमुन्याने सांगतो. ‘क्यू ०७, आई दाराकडे जाते’ एवढं लिहिलं तर तीन ऑपरेटर तीन ठिकाणी वाजवतील. त्याऐवजी असं लिहा: ‘क्यू ०७. आई: “कोण आहे?” या वाक्यावर बोट तयार. वाक्यावर वाजवू नये. कडी काढल्याचा आवाज झाला की वाजवणे. आवाज कमी, तंबोरा जेमतेम ऐकू येईल इतका. मुलगा पिशवी खाली ठेवतो तेव्हा तीन सेकंदांत बंद.’ तयार राहण्याची खूण वेगळी आणि वाजवण्याची खूण वेगळी, हे शीटचं मर्म. एक छापील प्रत ऑपरेटरकडे, एक व्यवस्थापकाकडे, एक तुमच्याकडे. फोनवरची प्रत पुरेशी नाही. अंधारात फोनचा उजेड पहिल्या रांगेपर्यंत जातो.

संवादाखाली बासरी वाजवत राहणे

बोलण्यातली व्यंजनं ज्या पट्ट्यात स्पष्ट होतात तो साधारण दोन ते चार हजार हर्ट्झचा. व्हायोलिन, सारंगी, सतारीची तार यांचा तजेलाही तिथेच असतो आणि बासरीची फुंकही. करुण प्रसंग आला की बासरी किंवा सारंगी हा आपल्याकडचा हात आपोआप उठणारा पर्याय, पण संवादाखाली ती वाजली की ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ गिळले जातात. प्रेक्षक ‘आवाज वाढवा’ म्हणून ओरडतो. ऑपरेटर माईक वाढवतो, आणि रंगमंचावरचे फूट माईक स्पीकरमधून येणारं तुमचंच संगीत पुन्हा उचलतात. मग शिट्टी.

संवादाखाली वाजवायचंच असेल तर खालच्या सप्तकात राहा. चेलो, तंबोरा, ऑर्गनचे खालचे सूर चालतील. किंवा मग वाक्यांच्या मधल्या जागेत वाजवा. आणि माझं ठाम मत सांगतो: चांगला नट चांगलं वाक्य म्हणत असेल तर तिथे संगीत नको. संगीत वाक्याच्या आधी थांबवलं तर त्या वाक्याला जे वजन येतं ते कुठल्याही वाद्याने येत नाही. दिग्दर्शकाला हे पटवायला कधीकधी भीड वाटते, कारण ‘इथे काहीतरी टाक ना’ अशी त्यांची मागणी असते. दोन्ही प्रकारे तालीम करून दाखवा.

मिक्स हेडफोनवर पास करणे

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधली एक खोली, भिंतीला फोम, टेबलावर दोन छोटे स्पीकर. यात वाईट काहीच नाही, आजचं पुष्कळ उत्तम काम अशाच खोल्यांत होतं. फक्त त्या खोलीत ऐकू येतं ते नाट्यगृहात ऐकू येईलच असं नाही. हेडफोनमध्ये डावीकडे टाळ आणि उजवीकडे घुंगरू छान पसरलेले वाटतात. नाट्यगृहात डाव्या कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला फक्त टाळ ऐकू येतात. नाटकासाठीचं महत्त्वाचं वाद्य आणि मुख्य सुरावट मध्येच ठेवा, मिक्स एकदा मोनो करून ऐका. मोनोमध्ये एखादं वाद्य नाहीसं होत असेल तर त्याच्या दोन बाजूंची फेज एकमेकांना खाते आहे. सिंथेसायझरच्या ‘रुंद’ आवाजांत हे वारंवार होतं.

दुसरं, रिकाम्या आणि भरलेल्या नाट्यगृहात फरक असतो. माणसं आणि कपडे वरचे स्वर शोषून घेतात. दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे जे चरचरीत वाटलं ते रात्री मऊ होतं, आणि जे दुपारी ‘बरोब्बर’ वाटलं ते रात्री मंद. गडकरी, घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे, जिथे प्रयोग आहे तिथे शेवटच्या रांगेत आणि बाल्कनीत जाऊन ऐका. ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून घेतलेला निर्णय प्रेक्षकाच्या कामाचा नसतो.

घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात चामड्याच्या वाद्यांचा सूर उतरतो. तबलावादक आल्या आल्या मुद्रण सुरू करू नका, वाद्य एसीच्या खोलीत अर्धा तास राहू द्या, मग लावा आणि प्रत्येक टेकआधी तपासा. नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या टेकचा सूर वेगळा निघतो आणि दोन्ही जोडता येत नाहीत. आणि गणपतीच्या दिवसांत गायकाला घरी बोलावूच नका. ढोल-ताशाचा खालचा धक्का काचेतून आणि फोममधूनही येतो, तो नंतर काढता येत नाही. त्या दिवसांत प्रोग्रामिंग करा.

सिनेमात: आकडे न विचारता कामाला लागणे

सिनेमाच्या कामात पहिल्याच फोनवर संकलकाला विचारायचं ते इतकं: फ्रेम रेट किती, सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) किती, टाइमकोड (चित्रासोबत चालणारं तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचं घड्याळ) कुठून सुरू होतो, आणि हा कट लॉक झाला आहे का, म्हणजे संकलन आता बदलणार नाही ना. हे विचारायला लाज वाटते, ‘एवढंही माहीत नाही’ असं समजतील म्हणून. उलट न विचारणाऱ्याचं काम परत येतं.

लक्षणांवरून दुखणं ओळखता येतं, ते असं.

गाणं चढ्या सुरात आणि घाईत वाजतं आहे: तुमची फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आहे आणि समोरचं सेशन ती ४८ ची समजून वाजवतं आहे. वेग जवळपास नऊ टक्के वाढतो, सूर दीड श्रुतीने नव्हे तर चक्क दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं आणि तीन मिनिटांचं गाणं साधारण पंधरा सेकंद आधी संपतं. गाणं उतरलेलं आणि रेंगाळणारं वाटलं तर उलटं झालं आहे. सिनेमासाठी सुरुवातीपासूनच ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर काम करा.

सूर ठीक आहे, सुरुवात जुळते, पण शेवटाकडे संगीत हळूहळू सरकत जातं: फ्रेम रेटचा घोळ. २४ आणि २३.९७६ मधला फरक हजारात एक, म्हणजे तीन मिनिटांच्या तुकड्यात सुमारे चार फ्रेम. डोळ्याला पटकन दिसत नाही, पण पंच पडतो तिथे ढोल उशिरा आल्यासारखा वाटतो. वीस मिनिटांच्या रिळात हाच फरक सव्वा सेकंदाच्या घरात जातो. २४ आणि २५ मध्ये घोळ झाला तर चार टक्के, तो लगेच कळतो.

पहिल्या क्षणापासून सगळंच सारख्या अंतराने पुढे-मागे आहे: टाइमकोडची सुरुवात जुळलेली नाही. यासाठीच रिळाच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा ‘पिप’, म्हणजे छोटासा टूं आवाज असतो. संकलकाकडून तो मागून घ्या आणि तुमच्या फाइलमध्येही त्याच जागी टाका. मिक्सिंगच्या टेबलावर दोन पिप एकावर एक ठेवले की वाद संपतो.

काल जुळत होतं, आज कुठेतरी मध्येच तुटतं: कट बदलला आहे आणि तुम्हाला कुणी कळवलेलं नाही. ‘लॉक’ झालेला कट पुन्हा उघडतो, हे गृहीत धरूनच चला. प्रत्येक चित्रफितीच्या नावात तारीख आणि आवृत्ती मागा, तुमच्या सेशनच्या नावातही तीच ठेवा. बदल कळवताना नेमका कुठल्या टाइमकोडला किती फ्रेम काढले किंवा घातले याची यादी घ्या.

लय निवडतानाही हा हिशोब उपयोगी पडतो. २४ फ्रेमच्या चित्रात मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली की एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे बारा फ्रेमची. दार आपटणं आणि वळून पाहणं यांत ३० फ्रेम असतील तर अडीच मात्रा झाल्या, दुसरा आघात दोन मात्रांच्या मध्ये पडेल. लय थोडी बदलून तो मात्रेवर आणता येतो. १४४ च्या लयीत मात्रा दहा फ्रेमची, म्हणजे ३० फ्रेममध्ये नेमक्या तीन. मात्र प्रत्येक हालचालीवर आघात बसवत सुटू नका. एका प्रसंगात एखादाच पुरे.

देताना फक्त अंतिम मिक्स देऊ नका. तालवाद्यं, बेस, तंतुवाद्यं, सुरावट, गायन अशा वेगळ्या स्टेम्स द्या, सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या. अंतिम मिक्सिंग करणाऱ्याला संवाद सांभाळायचे असतात. स्टेम्स असतील तर तो फक्त सारंगी खाली घेईल. नसतील तर अख्खं संगीत खाली घेईल, आणि थिएटरात तुमचं काम ऐकूच येणार नाही.

टेम्प ट्रॅकच्या मागे धावणे

संकलन करताना दिग्दर्शक कुठलंतरी तयार संगीत तात्पुरतं लावून ठेवतात, तोच टेम्प ट्रॅक. महिनाभर तेच ऐकून त्यांना त्याची सवय लागते आणि तुमच्याकडे मागणी येते ‘असंच, पण वेगळं’. या वाटेने गेलात तर एकतर नक्कल होते, किंवा दर वेळी ‘त्यात जी मजा होती ती नाही’ असं ऐकावं लागतं. कायद्याचा धोका वेगळाच.

त्यांना नेमकं काय आवडलं ते विचारा. लय? एखादं वाद्य? की ते संगीत ज्या जागी थांबतं ती जागा? पुष्कळदा उत्तर तिसरं निघतं. मग तुम्ही संपूर्ण वेगळ्या सुरावटीत तीच जागा सांभाळू शकता. शक्य असेल तिथे चित्रीकरणाआधीच चाली, निदान कच्ची सुरावट देऊन ठेवा, म्हणजे टेम्पच्या जागी तुमचंच संगीत बसतं.

जुनं पद, अभंग ‘सगळ्यांचंच आहे’ असं समजणे

ठाण्याला संगीत नाटकाचा वारसा आहे. पं. राम मराठे याच शहरात राहिले, आजही त्यांच्या नावाचा संगीत समारोह इथे होतो. त्यामुळे नव्या नाटकात जुनं पद घ्यायचा मोह साहजिक आहे. घ्या, पण आधी हिशोब करा. आपल्याकडे शब्दांचा आणि चालीचा स्वामित्व हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि शब्द व चाल यांचा हिशोब वेगवेगळा लागतो. १९११ च्या ‘मानापमान’ची पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये. दोन्ही मुदती संपल्या आहेत. जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. परवानगी लागणारच.

अभंगाच्या बाबतीत चूक अधिक होते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण तो अभंग ज्या लोकप्रिय चालीत आपण गुणगुणतो ती चाल बहुधा विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असते. शब्द घ्या आणि चाल स्वतः बांधा, यात कलेचंही भलं आहे. आणि रेकॉर्डिंगचा हक्क हा तिसराच प्रकार. चाल मुक्त असली तरी कंपनीचं ध्वनिमुद्रण उचलता येत नाही, त्याची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं.

कागद न करणे

‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून करार टाळला जातो. मग नाटक चालतं, त्याचं ध्वनिमुद्रण कुठल्यातरी ओटीटीवर येतं, आणि संगीतकाराला ते मित्राकडून कळतं. आपली माणसं आपली राहावीत म्हणूनच कागद करायचा.

१९५७ चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूने बराच आहे, विशेषतः २०१२ च्या दुरुस्तीनंतर. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सिनेमासाठी केलेलं गाणं किंवा पार्श्वसंगीत चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतरत्र वापरलं गेलं तर रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा संगीतकाराचा आणि गीतकाराचा हक्क करारानेही निर्मात्याला सोडून देता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे, कोणत्याही मोबदल्याविना’ असं वाक्य समोर आलं तर सही करण्याआधी हे आठवा आणि वकिलाला दाखवा.

ही रॉयल्टी प्रत्यक्ष हातात पडायची तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक रचना तिथे नोंदवा. १९६९ पासूनची ही संस्था २०१७ मध्ये नव्याने कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदली गेली. सभासद होऊन रचना न नोंदवणारे पुष्कळ आहेत. त्यांना पैसे कुठून मिळणार? पार्श्वसंगीताचीही यादी लागते: कुठल्या तुकड्याची लांबी किती, रचनाकार कोण. ती सिनेमा पूर्ण होताच करून ठेवा, दोन वर्षांनी कुणालाही आठवत नाही.

नाटकाचा करार वेगळा लिहावा लागतो, कारण तिथे पुढचे पैसे कागदावर ठरतात तेवढेच. एकरकमी मानधन किती, दर प्रयोगाला नाईट (त्या प्रयोगाचं मानधन) किती, नाटक चित्रित झालं तर काय, दुसऱ्या संस्थेने किंवा दुसऱ्या भाषेत केलं तर संगीत वापरायचं की नाही. जाहिरातीत आणि पडद्याआधीच्या निवेदनात नाव येईल का, हेही लिहा. वादक, गायक, स्टुडिओ यांचा खर्च तुमच्या मानधनात धरला आहे की निर्माता वेगळा देणार, हा मुद्दा सुटला तर पहिल्याच नाटकात खिशातले पैसे जातात. आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय वादकांची शिफ्ट ठरवू नका, आणि वादकांचे पैसे त्याच दिवशी द्या. तुमच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापला गेला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे दर तिमाहीला पाहा.

शुभारंभाच्या दिवशी बिघडलं तर

स्पीकरमधून सतत घुं असा आवाज: लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (ही घरघर तोडणारी छोटी पेटी) लावा, किंवा दोन्हींची वीज एकाच बोर्डवरून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन मोडण्याचा उपाय कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. रंगमंचावर त्याने जीव जाऊ शकतो.

एकाच बाजूने आवाज: केबल अर्धवट बसली आहे. हेडफोनच्या भोकातली केबल पायात येऊन हमखास निसटते, ती टेपने चिकटवा.

संगीत सुरू असताना फोनची टिंग: लॅपटॉप आणि फोन दोन्ही विमान मोडवर, सूचना बंद, स्क्रीन झोपी जाण्याची वेळ बंद. हे तिसऱ्या घंटेआधी व्यवस्थापकाने विचारायचं, अशी पद्धतच पाडा.

लॅपटॉप अडकला: दुसरं उपकरण, त्याच क्रमाने लावलेल्या फायलींसह, मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला आधीपासून जोडलेलं हवं. पेन ड्राइव्ह खिशात असणं म्हणजे बॅकअप नव्हे, अंधारात तो लावून फाइल शोधेपर्यंत प्रसंग संपतो. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, पण क्यू वाजवायचं क्यूलॅब हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं हे लक्षात घेऊन दुसऱ्या यंत्रावरची व्यवस्था आधीच वेगळी करून ठेवा.

चुकीचा क्यू वाजला: लगेच तोडू नका, दोन सेकंदांत खाली घ्या. नट सांभाळून घेतात. योग्य क्यूची वेळ निघून गेली असेल तर तो सोडून द्या आणि पुढच्याची खूण पकडा. मध्यंतरात ऑपरेटरवर आवाज चढवायचा नाही, त्याला अजून एक अंक वाजवायचा आहे. त्याच्याशी बोलायचं ते प्रयोग संपल्यावर, क्यू शीट समोर ठेवून. चूक पुष्कळदा शीटमधल्या मोघम खुणेत सापडते. ती खूण दुरुस्त करा, नवी प्रत त्याच रात्री छापा आणि जुनी प्रत सगळ्यांकडून परत घ्या, नाहीतर पुढच्या प्रयोगाला एक जण जुन्या आकड्यांवर चाललेला असतो.